फायबरच्या बोटीत दडलेले लाकूड : पार्श्वभूमी

1960 ते 1990 या काळातल्या लहान मोटरबोटी आणि शिडाच्या बोटी 'पूर्ण फायबर' म्हणून विकल्या गेल्या, पण त्यांचा कडकपणा बराचसा लाकडाच्या जिवावर आहे. बाहेर टांगलेले (आउटबोर्ड) इंजिन पेलणाऱ्या ट्रान्सममध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीत, प्लाय, तळाच्या स्ट्रिंगरमध्ये, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधाराच्या पट्ट्यांत, प्लाय किंवा पाइन, फ्लोअरमध्ये प्लाय, डेकमध्ये बाल्सा हे हलके लाकूड. वर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि काचेच्या धाग्यांची मॅट यांचे आवरण असल्याने हे लाकूड दिसत नाही आणि कुजले तरी वर्षानुवर्षे कळत नाही.

सुरुवातीला एवढे लाकूड नव्हते. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन 1930च्या दशकात हाती आले आणि 1940च्या दशकात अमेरिकेत त्यांच्या बोटी निघू लागल्या. नव्या मालावर किती विसंबायचे याचा अंदाज नसल्याने सुरुवातीचे हल, म्हणजे बोटीचे सांगाडे-कवच, जाड आणि भरीव झाले. त्यातले कित्येक आजही ठणठणीत आहेत. फायबरग्लास, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचेचे धागे, सहजी तुटत नाही, पण वाकते. जाडी दुप्पट केली की सपाट भागाचा कडकपणा आठपट होतो. ती जाडी रेझिनने भरण्यापेक्षा मध्ये हलके लाकूड घालून दोन्ही बाजूंना पातळ थर देणे स्वस्त पडले. 1973च्या तेलसंकटात रेझिन महागले आणि थर आणखी पातळ होण्याला कारण मिळाले.

त्यातच अमेरिकेत 1971च्या कायद्यानंतर 20 फुटांखालच्या बोटींना तरंगण्याचे नियम लागू झाले आणि फ्लोअरखाली पॉलियुरेथेन फोम ओतला जाऊ लागला. नियमाचा हेतू चांगलाच होता. पण ओतलेला फोम स्ट्रिंगरला चिकटून बसतो, पाण्याची बिल्जकडे, म्हणजे बोटीच्या सर्वांत खालच्या भागाकडे, जाणारी वाट बुजवतो आणि कालांतराने स्वतःच पाणी धरून ठेवतो. अशा बोटीत फ्लोअर उघडल्याशिवाय स्ट्रिंगरबद्दल काहीही छातीठोकपणे सांगू नये.

लाकडाचा ओलावा 20 टक्क्यांच्या आत असला की कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणजे दोष लाकडाचा कमी आणि सील न केलेल्या भोकांचा जास्त. क्लीट (दोर बांधायची खुंटी), शिडी, ट्रान्सड्यूसर (खोली मोजणारा सेन्सर), ड्रेन प्लग यांचे स्क्रू थेट प्लायमध्ये पिळले गेले. स्ट्रिंगरमधली पाणी जाण्याची भोके कापून तशीच उघडी ठेवली गेली. ताडपत्रीशिवाय पडून राहिलेल्या बोटीत साचणारे पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा घातक, कारण मीठ बुरशीला थोडेफार रोखते. आणि मरीन प्लायमध्ये जलरोधक असतो तो डिंक. त्यातले ओकुमेसारखे लाकूड ओले राहिले तर बिनदिक्कत कुजते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो नव्या लाकडावर कोणते रेझिन वापरावे, यावर. पॉलिएस्टरवाल्यांचे म्हणणे सरळ आहे : मूळ बोट त्याचीच, ते स्वस्त आहे, 1 ते 2 टक्के कॅटलिस्टवर (घट्ट करणाऱ्या रसायनावर) झटपट बसते, म्हणजे घट्ट होते, आणि त्यावर जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा चकचकीत थर, धरतो. कोरडे लाकूड आणि नीट घासलेला पृष्ठभाग असेल तर अशी दुरुस्ती टिकतेही. पण बोट बांधणे आणि ती दुरुस्त करणे यांत फरक आहे. कारखान्यात एक थर पुरता बसायच्या आत दुसरा चढतो, त्यामुळे दोन्ही रासायनिक रीतीने जोडले जातात. तीस वर्षे जुन्या लॅमिनेटवर (रेझिन-काचेच्या थरांवर) ती सोय नाही. तिथे सगळी भिस्त चिकटपणावर असते, आणि त्या बाबतीत पॉलिएस्टर कमकुवत. शिवाय बसताना ते इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनपेक्षा बरेच जास्त आकसते. जुन्या स्ट्रिंगरच्या टॅबिंगखाली (स्ट्रिंगर हलला जोडणाऱ्या काच-रेझिनच्या पट्ट्यांखाली) छिन्नी घालून उचलले की कित्येकदा अखंड पट्टी सुटून येते आणि तिच्या आतल्या बाजूला लाकडाचा एक धागाही चिकटलेला नसतो. एवढे पाहिल्यावर लाकूड आणि जुना हल यांच्या सांध्यात इपॉक्सीचे पारडे जड ठरते.

अर्थात इपॉक्सीचेही पथ्य आहे. हार्डनर (त्यात मिसळायचा घट्ट करणारा भाग) कमी-जास्त करून वेग बदलता येत नाही; दिलेले प्रमाण चुकले तर ते कायमचे चिकट राहते. नेहमीच्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचा (तुकडे केलेल्या काचेच्या धाग्यांच्या मॅटचा) बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा डिंक, पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळणारा असतो. इपॉक्सीत स्टायरिन नसल्याने ती मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. त्याऐवजी शिवलेले बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचे, कापड घ्यावे. बसलेल्या इपॉक्सीवर येणारा मेणचट थर आधी पाण्याने धुवायचा आणि मगच घासायचा, नाहीतर सँडपेपर तो सगळीकडे पसरवतो. त्यावर पॉलिएस्टर जेलकोट लावणे जोखमीचे, म्हणून बाहेरचा भाग रंगवण्याची तयारी ठेवावी. व्हिनाइलएस्टर हे तिसरे रेझिन मधला मार्ग आहे, पण त्याचे साठवणुकीचे आयुष्य कमी.

कुजलेल्या लाकडात भोके पाडून पातळ इपॉक्सी आत सोडण्याचा उपाय मधल्या काळात फार लोकप्रिय झाला. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही, भोकाभोवती गोळा होऊन बसते. आजूबाजूची कूज तशीच चालू राहते. डेकमधला थोडासा, कोरडा पडलेला भाग सोडला तर हा उपाय वेळ आणि रेझिन दोन्ही वाया घालवतो.

हळूहळू रूढ झालेली पद्धत अशी. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बद्द आवाजाची हद्द आखायची, मग खालच्या बाजूला आतून 3 मिमीचे भोक पाडून भुसा पाहायचा. काळा आणि ओला निघाला तर निकाल लागला. हल सर्व बाजूंनी नीट टेकवल्याशिवाय स्ट्रिंगर कापायचे नाहीत आणि दोन्ही बाजूंचे स्ट्रिंगर एकदम काढायचे नाहीत, नाहीतर तळाचा आकार बिघडतो आणि बोट पाण्यावर सरळ धावत नाही. इंजिन बेडची (इंजिन ज्यावर बसते त्या आधाराची) उंची आधीच नोंदवायची. ट्रान्सममध्ये बहुधा 18-19 मिमी प्लायचे दोन थर, म्हणजे साधारण 38 मिमी. कडा आधी रेझिनने भिजवून, सिलिका घातलेल्या रेझिनच्या घट्ट मिश्रणात मध्ये पोकळी न ठेवता बसवायचे. क्लॅम्प इतकेही आवळू नयेत की सगळे मिश्रण बाहेर येईल. कोपऱ्यात गोलाई द्यायची, टॅबिंगचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद, आणि कापलेल्या लॅमिनेटला 12:1 उतार : 3 मिमी जाडीला 36 मिमी. 8 मिमी बोल्टचे भोक 14 मिमीचे पाडून इपॉक्सीने भरायचे आणि मग पुन्हा 8 मिमीने पाडायचे, म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही.

अलीकडे लाकडाऐवजी फोमचे बोर्ड घालण्याकडे कल आहे. ते कुजत नाही, पण कमी घनतेचे बोर्ड इंजिनाच्या बोल्टखाली दबते. डेकला चालणारा घनमीटरला 80 किलोचा फोम ट्रान्समला पुरत नाही. तिथे 400 किलोच्या आसपासचे, काच मिसळलेले बोर्ड लागते.