टिक आधीच केलेली असते

ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या एमआयडीसीत खिडक्या जवळजवळ नसलेल्या इमारती आता बऱ्याच झाल्यात. डेटा सेंटरं. आतल्या सर्व्हरवर काय साठतं ते बाहेरून दिसत नाही. ओपन सोर्समधल्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो अशा सॉफ्टवेअरमधल्या, खासगीपणाच्या भांडणाचं मूळही असंच आहे: कोड चव्हाट्यावर, पण त्या कोडने पाठवलेली माहिती बंद दाराआड.

अशा सॉफ्टवेअरसाठी खूप वापरल्या जाणाऱ्या जीपीएल लायसन्सची दुसरी आवृत्ती १९९१ची. तेव्हा प्रोग्रॅम फ्लॉपीवर यायचा आणि मुकाट आपल्या मशिनवर चालायचा. तो कुणाकडे चहाड्या करेल असं मनातही येत नसे. त्यामुळे कोड वाचायचा, बदलायचा, वाटायचा हक्क लायसन्सने दिला, माहिती गोळा करण्याबद्दल मात्र ते गप्पच राहिलं. सुरुवातीची पद्धत सभ्य होती. कोणती पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे संच, जास्त वापरली जातात हे डेबियन ही लिनक्स प्रणाली तुम्हाला विचारूनच मोजते, आणि उत्तर आधीपासून ‘नाही’ असतं.

ऑक्टोबर २०१२मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या १२.१० आवृत्तीने ही रीत मोडली. स्वतःच्याच कॉम्प्युटरवर फाइल शोधायला टाइप केलेले शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागले आणि शेजारी ॲमेझॉनचा माल दिसू लागला. बंद करायची सोय होती, पण ती शोधणार कोण? जीपीएल लिहिणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननी याला सरळ हेरगिरी म्हटलं. मूळ सेटिंगच बंद व्हायला एप्रिल २०१६ उजाडला.

आपल्याकडे हा विषय घराघरात आला तो कोविडच्या काळातल्या आरोग्य सेतू ॲपमुळे. १ मे २०२०च्या केंद्राच्या आदेशाने ते ॲप कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं, म्हणजे ऐरोली-वाशीच्या ऑफिसांतही. अँड्रॉइडचा कोड खुला झाला २६ मे रोजी. आधी सक्ती, मग कोड! आणि जिथे माहिती साठते त्या सर्व्हरचा कोड तेव्हाही नव्हता.

पुढच्या वर्षी ऑडॅसिटी, आवाज रेकॉर्ड करायचा ओपन सोर्स प्रोग्रॅम. तो म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेल्यावर मे २०२१मध्ये त्यात गूगल आणि यांडेक्स या रशियन कंपनीची वापर मोजणारी यंत्रणा बसवायचा प्रस्ताव आला, ओरड झाली, प्रस्ताव मागे घेतला गेला. जुलैत नवं धोरण आलं: तेरा वर्षांखालच्यांनी वापरू नये. कुणीही वापरावं म्हणणाऱ्या जीपीएलशी हे उघड विसंगत. पुढे धोरण सुधारलं, पण ठाण्यात बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या आमच्यासारख्यांचा प्रश्न तोवर एकच होता: आपला आवाज बाहेर जातो का? जात नव्हता. आयपी ॲड्रेस (मशिनचा इंटरनेटवरचा पत्ता), क्रॅशचे अहवाल, मशिनची जुजबी माहिती, असलं काही. तरी कितीतरी जण जुन्याच आवृत्तीवर थांबले.

मला सगळ्यात रस वाटतो तो गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकरणात. फेब्रुवारी २०२३मध्ये गोच्या टीममधल्या रस कॉक्स यांनी गोच्या टूल्ससाठी टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती आपोआप पाठवायची सोय, सुचवली. रचना विचारपूर्वक केलेली, माहिती मोजकी; तरी भडका उडाला, कारण टिक आधीच केलेली होती, म्हणजे नको असेल त्यानेच ती बंद करायची. काही आठवड्यांतच त्यांनी ती टिक काढली. आता गोची आकडेवारी आपल्याच मशिनवर साठते आणि आपण हो म्हणेपर्यंत तिथून हलत नाही.