काथ्याचं भूवस्त्र: उतारावरच्या मातीसाठी

जांभ्याचा डोंगर कापून घर बांधलं, रस्ता काढला किंवा कलमं लावली, की पहिल्याच पावसात लाल पाणी अंगणात उतरतं. उघड्या मातीवर थेंब आपटतो, कण सुटे होतात आणि वाहतं पाणी ते घेऊन जातं. एकदा ओघळ पडले की पुढच्या पावसात ते खोल होत जातात.

भूवस्त्र म्हणजे नारळाच्या सोडणाच्या काथ्याचं सुंभ वळून विणलेली जाळी. तिचा प्रत्येक आडवा धागा छोट्या बांधाचं काम करतो. पाण्याचा वेग मोडतो, गाळ धाग्यामागे अडतो आणि त्या गाळात गवत रुजतं. काथ्यात लिग्निन, म्हणजे लवकर न कुजणारा घटक, भरपूर असल्यामुळे जाळी साधारण दोन ते तीन वर्षं टिकते. ताग त्याआधीच कुजतो. काथ्या कुजेपर्यंत मुळांनी माती धरलेली असते. जाळी काढावी लागत नाही, ती मातीतच मिसळते. प्लास्टिकच्या जाळीत साप अडकून मरतात, म्हणून ती आम्ही विकत नाही.

सौम्य उताराला चौरस मीटरला 400 ग्रॅम वजनाची जाळी पुरते, मध्यम उताराला 700 आणि खड्या उताराला 900 ग्रॅमची घ्या. 2 बाय 50 मीटरचा रोल 100 चौरस मीटरचा असला, तरी जोड आणि चर धरून 85 ते 90 चौरस मीटरच झाकतो. हिशेब तसाच करा.

मृगाआधी काम उरका. आधी दगड, ढेकळं काढून उतार सारखा करा आणि बी पेरा. माथ्यावर वीतभर खोल चर खणून जाळीचं टोक त्यात पुरा, मग रोल वरून खाली सोडा. शेजारच्या पट्ट्या 15 सेंटिमीटर एकमेकींवर घ्या आणि मीटरभर अंतरावर बांबूच्या खुंट्या ठोका. जाळी ताणू नका. आमच्या सुरुवातीच्या एका कामात ती दगडांवर अधांतरी राहिली, पाणी खालून वाहिलं आणि सगळी माती गेली. तेव्हापासून आम्ही तळहाताने दाबत जातो. जिथे हात खाली जातो, तिथे आणखी एक खुंटी.

मधूनमधून वाळ्याच्या आडव्या ओळी लावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात.

मात्र उताराला मोठ्या भेगा पडल्या असतील किंवा आतून पाणी झिरपत असेल, तर जाळी घेऊ नका. तिथे आधी पाण्याचा निचरा आणि अभियंत्याचा सल्ला हवा.

पहिल्या मोठ्या सरीनंतर उतारावर एक फेरी मारा. उपटलेली खुंटी त्याच दिवशी परत ठोका.