आळस नव्हे, डोपामाईन!

"मनात आणलं तर चालतील की ओ, नुसता आळस हाय!" कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर सकाळी फिरताना कानावर पडलेलं हे एका काकांचं वाक्य. विषय होता त्यांच्या एका मित्राचा. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, झाल्यापासून गडी उंबरा ओलांडत नाही म्हणे. मी मध्ये तोंड घातलं नाही, पण ते 'मनात आणलं तर' डोक्यातून जाईना. कारण या आजारात पुष्कळांचं मनात आणणंच बिघडलेलं असतं.

पार्किन्सन्स म्हटलं की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरानं १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. त्यात 'बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात' असंही म्हटलं होतं. तेवढं मात्र पुढे खरं ठरलं नाही. आज आपल्याला माहीत आहे की साधारण ४० टक्के रुग्णांना नैराश्य येतं, आणि काहींना तर हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी. तेव्हा 'आजाराचं कळलं म्हणून खचले' एवढ्यावर हे भागत नाही. मध्यमेंदूतल्या डोपामाईन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हे रसायन हालचालीला लागतं तसंच 'ऊठ, यातून काहीतरी बरं मिळेल' ही आतली हाक द्यायलाही लागतं. शिवाय सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या मनःस्थितीशी निगडित रसायनांच्या पेशींनाही झळ पोचते.

व्यायामानं यात फरक पडतो का, हे जिवंत माणसाच्या मेंदूत बघायचं कसं? ही युक्ती मला फार आवडते. रॅक्लोप्राईड नावाचा एक रेणू डोपामाईनच्या खुर्च्यांवर, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटतं त्या डी-टू ग्राहींवर, जाऊन बसतो. त्याला किरणोत्सारी कार्बन-११ जोडायचा आणि शिरेतून टोचायचा. कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे सगळी घाई. पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे हा किरणोत्सार टिपणाऱ्या मेंदूच्या चित्रात, त्या खुर्च्या उजळून दिसतात. मग मेंदूला चुंबकीय ठोके देऊन डोपामाईन सोडायला लावायचं. ते आलं की खुर्च्या बळकावतं, रॅक्लोप्राईडला जागा उरत नाही आणि उजेड मंदावतो. उलटा हिशोब आहे: जितका उजेड कमी झाला, तितकं डोपामाईन जास्त सुटलं.

कॅनडातल्या संशोधकांनी २०१९ साली ३५ रुग्णांवर हेच केलं. एका गटानं तीन महिने, आठवड्यातून तीनदा, दम लागेल अशी सायकल मारली. दुसऱ्यानं नुसते अंग ताणायचे व्यायाम केले. सायकलवाल्यांच्या पुच्छकेंद्रकात, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका भागात, डोपामाईन जास्त सुटलं. बक्षिसाच्या अपेक्षेनं जागा होणारा मेंदूचा भागही त्यांच्यात अधिक चेतला. मेलेल्या पेशी काही परत आल्या नाहीत. उरलेलं यंत्र बरं चालू लागलं, इतकंच.

मग 'डोपामाईन वाढवा' म्हणत केळी खायला सांगणारे रील्स येतात. केळ्यात डोपामाईन असतं, खरंय. पण ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. म्हणून तर डॉक्टर डोपामाईनऐवजी लेव्होडोपा देतात, जे मेंदूत शिरतं आणि तिथे डोपामाईन बनतं. केळं खा, भूक भागेल. आणि 'करणी केलीय' म्हणून अंगारे-धुपारे करण्यात जी वर्षं जातात, त्यांचा तर हिशोबच नको.

किती जोर लावायचा? २०१८ साली अमेरिकेत १२८ रुग्णांना ट्रेडमिलवर चालवून पाहिलं. नाडी कमाल वेगाच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्यांची हालचाल सहा महिन्यांत जवळपास जागच्या जागी टिकली, व्यायाम न वाढवणाऱ्यांची ढासळली. मनाच्या बाबतीत मात्र जोरच हवा असं नाही. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांपैकी ज्यांनी आठ आठवडे श्वासावर लक्ष ठेवून योगासनं केली, त्यांची चिंता आणि उदासी कसरत करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. अर्थात या आजारात काहींचा उभं राहताना रक्तदाब पडतो, तोल जातो. तेव्हा सुरुवात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

खरी अडचण वेगळीच आहे. व्यायामानं जी हाक परत येऊ शकते, तिच्याशिवाय व्यायामाला उठवत नाही. यावरचा तोडगा आपल्या तालमींना ठाऊक आहे. पहाटे पोरगं मनात आणून जोर-बैठका काढायला जात नाही. वस्ताद वाट बघत असतो आणि जोडीदार दारात येऊन हाक मारतो, म्हणून जातं. रंकाळ्यावरच्या त्या काकांचं घर मित्राच्या घरापासून दोनच गल्ल्या लांब आहे, हे त्यांच्याच बोलण्यातून कळलं होतं.