चिप तीच, गिऱ्हाईक नवं

एआय चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांच्या चर्चा ऐकल्या की थक्क व्हायला होतं. कुठल्या चिपला किती मेमरी आहे, तैवानमध्ये पॅकेजिंगची क्षमता किती वाढतेय, पुढची पिढी कधी बाजारात येणार, हे सगळं लोकांच्या जिभेवर असतं. पंधरा वर्षांपूर्वी या गोष्टी त्या धंद्यातले इंजिनिअर सोडून कुणाच्या गावी नव्हत्या. एक प्रश्न मात्र या चर्चांत नेहमीच उशिरा येतो: या चिप्स विकत कोण घेतंय आणि त्यासाठी पैसा कुठून आणतंय? या धंद्यातल्या अग्रगण्य एनव्हिडिया कंपनीच्या शेअरने आजवर जे मोठे झोके घेतले, त्यातले बरेचसे चिपमुळे नव्हे, तर गिऱ्हाईक बदलल्यामुळे होते.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गेम खेळणारी पोरं. जेन्सन ह्वांग, ख्रिस मॅलाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी १९९३ मध्ये एनव्हिडिया काढली. १९९५ ची पहिली चिप सपशेल आपटली. १९९७ च्या रिव्हा १२८ या चिपने कंपनी वाचवली. जानेवारी १९९९ मध्ये शेअर १२ डॉलरला बाजारात आला. त्या काळात ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्या ढिगाने होत्या, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढच्या काही वर्षांत गाशा गुंडाळला. तेव्हाच्या गुंतवणूकदाराचं गणित सोपं होतं: कुठल्या कार्डावर कुठला गेम सुरळीत चालतो आणि नाताळच्या हंगामात किती कार्डं खपतात.

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवायला तेच ते छोटं गणित लाखो वेळा करावं लागतं. त्यामुळे ग्राफिक्स चिपमध्ये एका हुशार मेंदूऐवजी शेकडो, पुढे हजारो साधे गणक एकाच वेळी राबवायची रचना रुजली. हीच रचना विज्ञानातल्या आकडेमोडीलाही चालेल, हे काही संशोधकांच्या लक्षात आलं. स्टॅनफर्डमध्ये यावर काम केलेला इयान बक एनव्हिडियात आला आणि २००६ च्या अखेरीस कंपनीने कुडा जाहीर केलं: ग्राफिक्स चिपवर कुठलीही गणितं चालवता यावीत म्हणून केलेली सोय. तिच्यासाठी लागणारी जादा रचना प्रत्येक कार्डात घालायची असं ठरलं. गेम खेळणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता, खर्च मात्र वाढला. २००७ च्या शिखरापासून नोव्हेंबर २००८ पर्यंत शेअर ८० टक्क्यांहून जास्त घसरला. त्याचं सगळं खापर कुडावर फोडता येणार नाही. जागतिक मंदी होती, शिवाय लॅपटॉपमधल्या सदोष चिप्सचा भुर्दंडही कंपनीला भरावा लागला होता. पण न मागितलेल्या सोयीवर पैसा का घालवता, हा भागधारकांचा प्रश्न त्या वेळी अगदी रास्त होता. आज त्यालाच दूरदृष्टी म्हणतात. मागे वळून पाहताना सगळ्यांनाच दूरचं दिसतं.

२०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठात जेफ्री हिंटन यांचे विद्यार्थी ॲलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुट्स्केव्हर यांनी चित्रं ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणारा प्रोग्राम, तयार केलं. इमेजनेट स्पर्धेत त्याची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. हे नेटवर्क शिकवायला वापरली होती एनव्हिडियाची दोन जीटीएक्स ५८० कार्डं, प्रत्येकी ३ जीबी मेमरीची. ही गेमिंगचीच कार्डं, दुकानात कुणालाही मिळतील अशी. शिकवण्याचं काम पाच-सहा दिवस चाललं. न्यूरल नेटवर्कचं बहुतेक काम म्हणजे आकड्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांचा गुणाकार, आणि तो एकाच वेळी अनेक तुकड्यांत करता येतो. चिपचं दुसरं गिऱ्हाईक असं आपोआप चालत आलं. शेअर बाजाराला याची खबर लागायला आणखी तीन-चार वर्षं गेली. २०१६ मध्ये मात्र शेअर तिपटीहून वर गेला. त्याच वर्षी ह्वांग यांनी एआयसाठी बनवलेला पहिला डीजीएक्स-१ संगणक स्वतः नेऊन ओपनएआय या एआय संशोधन संस्थेला दिला, आणि गुगलने जाहीर केलं की आपली स्वतःची टीपीयू नावाची एआय चिप आपण वर्षभर वापरतोय. मोठं गिऱ्हाईक स्वतःच चिप बनवू लागेल, ही आज ज्याची धास्ती असते ती गोष्ट इतकी जुनी आहे.

यानंतरचा अध्याय सगळ्यात बोधप्रद, आणि सगळ्यात कमी आठवला जाणारा. २०१७ मध्ये क्रिप्टो चलनांचे भाव भडकले. इथेरियम या चलनाचं 'खनन' करायला, म्हणजे संगणकावर आकडेमोड करून नवी नाणी मिळवायला, ग्राफिक्स कार्डं लागायची, आणि लोक ती घाऊक उचलू लागले. गेम खेळणाऱ्यांना कार्ड मिळेना, मिळालं तर दुपटीने. कंपनीच्या हिशेबात मात्र या विक्रीचा बराचसा भाग 'गेमिंग' या रकान्यात पडत होता. रकाना वाढताना दिसला, की भागधारकाला वाटायचं गेमिंग जोरात आहे. २०१८ मध्ये क्रिप्टोचा फुगा फुटला, न खपलेली कार्डं साचली आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत शेअर निम्म्याहून खाली आला. पुढे मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या नियामकाने, गेमिंगच्या वाढीत क्रिप्टोचा वाटा मोठा होता हे २०१८ या आर्थिक वर्षातल्या दोन तिमाहींत नीट सांगितलं नाही, असा ठपका ठेवला. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता ५५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

त्या पडझडीनंतर जपानच्या सॉफ्टबँक या बड्या गुंतवणूकदार कंपनीने एनव्हिडियातला आपला जवळपास ५ टक्के हिस्सा विकून टाकला आणि पुढची तेजी हुकवली. अब्जावधी हाताळणाऱ्यांचं हे असं, तर आपल्या दहा शेअरची वेळ चुकली म्हणून कुणी फार मनाला लावून घेऊ नये.

याच काळात शेअर घेणारा माणूसही बदलत होता. अमेरिकेत १ मे १९७५ ला ठरावीक दलालीची पद्धत संपली आणि स्वस्त दलाल आले. नव्वदच्या दशकात खरेदी-विक्री इंटरनेटवर आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बड्या दलाल कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दलाली शून्यावर आणली. अख्खा शेअर परवडत नसेल तर त्याचा तुकडाही घेता येऊ लागला. महासाथीत घरी बसलेल्या लोकांनी खाती उघडली आणि जानेवारी २०२१ मध्ये छोट्यांनी मिळून गेमस्टॉप या गेम विकणाऱ्या दुकानांच्या कंपनीचा शेअर भलताच चढवला, तेव्हा त्यांचा जमाव काय करू शकतो ते सगळ्यांनी पाहिलं. एआयची लाट आली तेव्हा खाती, ॲप आणि चर्चेची सवय, सगळं तयार होतं.

लाट येण्याआधी एक मोठी ओहोटी आली, हे सहसा विसरलं जातं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि खननासाठी ग्राफिक्स कार्डांची गरजच उरली नाही. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने चीनला प्रगत एआय चिप्स विकण्यावर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०२१ च्या शिखरापासून शेअर ६० टक्क्यांहून अधिक उतरला होता. आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला ओपनएआयचं चॅटजीपीटी आलं.

तरी खरा धक्का बसला तो २४ मे २०२३ ला. पुढच्या तिमाहीत विश्लेषकांना साधारण ७ अब्ज डॉलर विक्रीची अपेक्षा होती. कंपनीने ११ अब्ज सांगितले. दुसऱ्या दिवशी शेअर २४ टक्के वर. जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षातली विक्री २७ अब्ज डॉलर, पुढच्या वर्षी ६१, त्याच्या पुढच्या वर्षी १३०.५. एवढी मोठी कंपनी इतक्या वेगाने वाढणं दुर्मीळच.

इथून चर्चेला वेगळं वळण लागलं. चिप मिळत नाही तर अडतंय कुठे, हे लोक शोधू लागले. एनव्हिडियाने आखलेली चिप छापते तैवानची टीएसएमसी, मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली. छापण्याची सर्वांत प्रगत यंत्रं बनवते फक्त नेदरलँड्सची एएसएमएल. चिपच्या शेजारी रचून बसवायची वेगवान एचबीएम मेमरी मुख्यतः दक्षिण कोरियाच्या एसके हायनिक्सकडून येते. चिप आणि मेमरी एका तळावर जोडणारं टीएसएमसीचं कोवॉस पॅकेजिंग २०२३ मध्ये सगळ्यात अपुरं पडत होतं. मग नेटवर्कच्या केबल, मग थंड ठेवण्याची यंत्रणा, मग वीज. जिथे तुटवडा, तिथला शेअर शोधायचा, अशी ही पद्धत. मला ती आवडते. तिच्यामुळे सामान्य माणसाला एका अफाट गुंतागुंतीच्या उद्योगाची ओळख झाली. पण तुटवड्यावर लावलेला पैसा तुटवडा संपेपर्यंतच सुखाचा. मेमरीच्या धंद्यात तर टंचाई, त्यावरून नवे कारखाने आणि मग भाव कोसळणं, हे चक्र कित्येकदा फिरलेलं आहे.

२७ जानेवारी २०२५ ला गिऱ्हाइकाचा प्रश्न अचानक ऐरणीवर आला. डीपसीक या चिनी कंपनीने आपलं एआय मॉडेल मोफत खुलं केलं होतं आणि त्याच्या आधीच्या आवृत्तीच्या शोधनिबंधात शिकवणीचा खर्च सुमारे ५६ लाख डॉलर लिहिला होता. हा आकडा म्हणजे एनव्हिडियाच्या, चीनसाठी मुद्दाम अशक्त केलेल्या एच८०० चिप्सचे सुमारे २८ लाख तास, ताशी २ डॉलर भाड्याने धरून. आधीचं संशोधन आणि फसलेले प्रयोग त्यात नव्हते, आणि तसं निबंधातच नमूद होतं. तेवढं वाचायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. इतक्या थोड्यात भागत असेल तर एवढ्या चिप्स घेणार कोण, या भीतीने एनव्हिडिया १७ टक्के पडली. एका दिवसात जवळपास ५९० अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं. अमेरिकी बाजारात एका कंपनीचं एका दिवसात इतकं नुकसान त्याआधी कधी झालं नव्हतं. एका रात्रीत सगळ्यांना विल्यम जेव्हन्स आठवले. कोळसा काटकसरीने जाळता येऊ लागला की त्याचा एकूण वापर उलट वाढतो, असं त्यांनी १८६५ मध्ये मांडलं होतं. छोटे गुंतवणूकदार त्या दिवशी विकणाऱ्यांत कमी आणि घेणाऱ्यांत जास्त होते.

काहींनी मात्र शेअरच्या रोजच्या चढउताराची दुप्पट देणारे फंड धरले होते. १७ टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला साधारण २०.५ टक्के वाढ पुरते. ३४ टक्के पडलेल्या फंडाला साडेएक्कावन्न लागते. हे गणित शाळेतलं आहे, पण तेजीत ते कुणी करत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीचं मूल्य ५ लाख कोटी डॉलरवर पोचलं. तिच्या तिमाही अहवालातल्या तळटीपा मात्र शेअरच्या भावापेक्षा जास्त बोलतात. जुलै २०२५ ला संपलेल्या तिमाहीत केवळ दोन ग्राहकांकडून ३९ टक्के विक्री झाली: एकाकडून २३, दुसऱ्याकडून १६. नावं दिलेली नाहीत. हे थेट ग्राहक सर्व्हर जुळवणारे किंवा वितरकही असू शकतात. पण त्यांच्या मागे उभे असलेले बडे खरेदीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. २०२५ च्या सुरुवातीला ॲमेझॉनने सुमारे १००, मायक्रोसॉफ्टने ८०, गुगलची मालक असलेल्या अल्फाबेटने ७५ आणि फेसबुकवाल्या मेटाने ६० ते ६५ अब्ज डॉलर वर्षाच्या भांडवली खर्चासाठी सांगितले होते, आणि पुढे यातले बहुतेक आकडे वाढतच गेले.

म्हणूनच सिस्कोचं नाव वारंवार निघतं. इंटरनेटची जाळी उभारणारी ही कंपनी मार्च २००० मध्ये काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान होती. तिचा माल खरा होता, नफा खरा होता. गिऱ्हाइकं मात्र दुसऱ्याच्या पैशावर उड्या मारणाऱ्या दूरसंचार आणि डॉटकॉम कंपन्या होत्या. ती आटली आणि २००१ मध्ये सिस्कोला दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा पडून राहिलेला माल मातीमोल दाखवावा लागला. कंपनी टिकली, वाढलीही. शेअरला जुना भाव पुन्हा पाहायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. आजचे मोठे खरेदीदार तसे फाटके नाहीत, त्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या आहेत, हा यातला खरा फरक. मला तो मोठा वाटतो, पण अलीकडे तो थोडा थोडा झिजतोय.

झीज दोन ठिकाणी दिसते. पहिली घसाऱ्यात, म्हणजे यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यभरावर वाटून दरवर्षी खर्च म्हणून दाखवण्यात. ६० अब्ज डॉलरच्या चिप्स सहा वर्षं चालतील असं धरलं तर वर्षाला १० अब्ज खर्च दिसतो. तीनच वर्षं धरली तर २०. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने आपल्या बहुतेक सर्व्हरांचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षांवर नेलं, त्यामुळे त्या वर्षीचा घसारा सुमारे २.९ अब्ज डॉलरने कमी दिसणार होता. पुढच्याच आठवड्यात ॲमेझॉनने, एआयमधले बदल फार वेगाने होताहेत असं कारण देत, आपल्या काही सर्व्हरांचं आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणलं. दोघांकडची यंत्रं सारख्याच धाटणीची, हिशेब उलट दिशांना.

दुसरी झीज उधारीत. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला, म्हणजे विक्रेताच गिऱ्हाइकाला पैसे देणार. ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीने ओपनएआयला आपले १६ कोटी शेअर नाममात्र भावात घेण्याचा हक्क देऊ केला, चिप्सच्या मोठ्या ऑर्डरच्या बदल्यात. डेटासेंटर उभारणाऱ्या ओरॅकलने १८ अब्जांचे, तर मेटाने ३० अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढले. वर्ष संपता संपता, कालपर्यंत मेमरीचे थर मोजणारे छोटे गुंतवणूकदार ओरॅकलचं कर्ज बुडण्याविरुद्धच्या विम्याचा दर रोज बघू लागले होते.