प्रमाणशीरतेचे तत्त्व (युद्धकायदा)

लष्करी लक्ष्यावरील हल्ल्यात नागरिकांची आनुषंगिक हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी होता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्यातील दंडक. नागरिकांवर हेतुपुरस्सर हल्ला मुळातच निषिद्ध असल्याने लक्ष्य वैध असेल, तरच हा प्रश्न उद्भवतो.

तत्त्वाचा उगम सामान्यतः तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनस याच्या ‘दुहेरी परिणामा’च्या (एकाच कृतीचा एक हेतुपूर्वक व दुसरा हेतूबाहेरचा परिणाम) विवेचनात शोधला जातो. तथापि ते विवेचन स्वसंरक्षणार्थ हल्लेखोराला ठार करण्यासंबंधीचे आहे. त्रयस्थ निरपराध त्यात येत नाहीत. स्पेनमधील सालामांका विद्यापीठाचा धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया याने १५३९ च्या सुमारास किल्ल्याचे उदाहरण घेतले : तटाआड मूठभर दोषी व पुष्कळ निरपराध असतील आणि किल्ला पडल्याने युद्धाच्या निकालात फारसा फरक पडणार नसेल, तर त्यावर आग वा युद्धयंत्रे चालवणे गैर. आजच्या नियमाचा सांगाडा येथे अधिक स्पष्ट दिसतो. भीष्मपर्वातील सारथी, वाद्ये वाजवणारे इत्यादींना अभय देणारे नियम कधीकधी पूर्वरूप म्हणून दाखवले जातात. पण ते रणांगणावरच्याच माणसांविषयी आहेत.

हवाई युद्धासंबंधीची १९२३ ची हेग नियमावली मसुद्यापुढे गेली नाही. जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने (१९७७) कलम ५१ व ५७ मध्ये नियम शब्दबद्ध केला. त्यात ‘प्रमाणशीर’ हा शब्द मात्र नाही, कसोटी ‘अवाजवी’पणाची आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या रोम संविधीने (१९९८) त्याला ‘स्पष्टपणे’ हे विशेषण जोडून गुन्ह्याचा उंबरठा उंचावला. अमेरिका, भारत व इस्राएल प्रोटोकॉलचे पक्षकार नाहीत.

मुख्य वाद मोजमापाचा आहे. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादच्या अमिरिया भागातील आश्रयस्थानावर आखाती युद्धात अमेरिकेचे बाँब पडून ४०० हून अधिक नागरिक मरण पावले. अमेरिकेच्या म्हणण्यानुसार ते लष्करी आदेशकेंद्र होते. आत कुटुंबे झोपलेली होती. अशा वेळी सेनापतीला हल्ल्यापूर्वी काय ठाऊक होते, हे निर्णायक ठरते, नंतरचा मृतांचा आकडा नव्हे. बोस्नियातील सारायेव्होच्या वेढ्यासंबंधी सर्ब सेनानी गालिच याच्यावरील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढच्या खटल्यात (२००३) उपलब्ध माहितीचा वाजवी उपयोग करणारी सुजाण व्यक्ती ही कसोटी मानली गेली.

नागरिक वाचवण्यासाठी सैनिकाने किती जोखीम पत्करावी, याबाबत इस्राएली तत्त्वज्ञ आसा काशेर व सेनाधिकारी आमोस यादलिन यांनी आपल्या ताब्याबाहेरील प्रदेशात सैनिकाच्या जिवाला अग्रक्रम दिला. तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर व अविशाई मार्गालित यांनी तो अमान्य केला. कायद्याच्या रचनेशी हे दुसरे मत अधिक जुळते.

अंतर्गत संघर्षांसाठीच्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये हा नियम नाही. रेड क्रॉसच्या २००५ च्या अभ्यासाने तो रूढीने तेथेही लागू असल्याचे मानले आहे.