शेपूट तुटल्यानंतरचा पहिला तास

संध्याकाळी खाऊ देऊन टाकीची सरकती काच लावताना हे हमखास घडतं. लेपर्ड गेकोची, म्हणजे घरात पाळतात त्या ठिपकेदार पालीची, नजर किड्यावर असते, शेपूट मात्र काचेच्या खाचेत राहिलेलं असतं. काच सरकते आणि अंगठ्याएवढं जाड शेपूट तुटून उड्या मारायला लागतं. अक्षरशः उड्या: या जातीच्या तुटलेल्या शेपटांचं चित्रण संशोधकांनी केलं, तेव्हा काही शेपटं तीन सेंटिमीटरपर्यंत उसळलेली दिसली. मेंदूशी नातं तुटलं तरी शेपटातला मज्जारज्जू स्नायूंना हलवत राहतो. घरातले सगळे त्या शेपटाकडेच बघत बसतात. शिकाऱ्याने नेमकं हेच करावं म्हणून तर ती सोय आहे!

आपण बघायचं ते पालीकडे, आणि आधी रक्ताकडे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगात वजनाच्या साधारण ५ ते ८ टक्के रक्त असतं. ६० ग्रॅमच्या पालीत ते ३ ते ५ मिलिलिटर भरतं, जेमतेम एक चहाचा चमचा. त्यातला दहावा हिस्सा गेला तरी निरोगी पाल निभावून नेते. पण हा दहावा हिस्सा म्हणजे फक्त सहा ते दहा थेंब. टिशूवर पसरलेला डाग असतो त्याहून मोठा दिसतो, तेव्हा त्याला घाबरू नका. मात्र थेंब पडतच राहिले तर ‘थोडंसंच आहे’ म्हणून बसूनही राहू नका. निर्जंतुक गॉज जखमेवर धरून सलग पाच मिनिटं हलका दाब द्यायचा. मध्येच उचलून बघितलं की नुकती धरलेली गुठळी गॉजबरोबर निघून येते. कापूस नको, त्याचे तंतू खपलीत अडकतात. नख निघालं असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून लावलं तरी रक्त थांबतं. शेपटाच्या उघड्या जखमेत मात्र कुठलीच पूड घालू नका. दहा मिनिटांनीही रक्त वाहत असेल तर डॉक्टर गाठायचा.

पालीने शेपूट स्वतःहून सोडलं असेल तर एवढं रक्त येतच नाही. शेपटातल्या मणक्यांना मुळातच आडव्या कमकुवत रेघा असतात. त्याच रेघेवर स्नायूंचे गठ्ठे आणि चरबीचे कप्पेही वेगळे होतात, आणि रक्तवाहिनीभोवतालचं स्नायूचं कडं आवळून रक्ताची वाट बंद होते. तुटलेल्या तुकड्याच्या टोकाला स्नायूंचे टोकदार झुबके दिसतात, अंगाकडच्या बाजूला त्यांच्या मापाच्या खोबणी. प्लग आणि सॉकेटच म्हणा ना. अबू धाबीतल्या संशोधकांनी २०२२ साली पालींच्या शेपटांतले हे झुबके सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तर त्यांच्यावर भूछत्रासारखे बारीक खांब आढळले. सरळ ओढलं तर हा जोड टिकतो, वाकवला की सुटतो.

काचेत चिरडलेल्या शेपटाची गोष्ट वेगळी. तिथे रेघेवर तुटतंच असं नाही. शेपूट कातडीच्या आधाराने लोंबतं, हाड बाहेर डोकावतं किंवा पुढचा भाग निळाकाळा पडत जातो. असं शेपूट ओढून काढायचा मोह आवरा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. डॉक्टरने ते छाटायला सांगितलं तर हळहळू नका. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की लेपर्ड गेकोचं शेपूट नैसर्गिक रेघ सोडून भलत्याच जागी कापलं तरी पुन्हा येतं. फक्त ती जखम टाके घालून शिवायची नसते. नवं शेपूट उगवायचं तर उघड्या जखमेवर आधी पातळ त्वचा चढावी लागते आणि तिच्याखाली, पुढे काय व्हायचं ते न ठरलेल्या पेशींचा उंचवटा जमावा लागतो. कातडी ओढून शिवली की ही जागाच बंद होते. कुत्र्यामांजरांची सवय असलेल्या डॉक्टरला हे नम्रपणे विचारून घ्यायला हरकत नाही.

खरं नुकसान पुष्कळदा घरच्या उपचारांनी होतं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. हळदीचा थर बसला की खाली लाली वाढते आहे का, हे दिसत नाही. जखम धुवायला औषधाच्या दुकानातलं नॉर्मल सलाइन घ्या. ते हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. मग पोव्हिडोन आयोडीन, पण बाटलीतलं तसंच नाही: ५ टक्क्यांच्या एका भागात नऊ भाग पाणी, १० टक्क्यांच्या एका भागात एकोणीस भाग. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा यायला हवा. दिवसातून एकदा टिपायचं, तेही पहिले तीन-चार दिवस. अंग बधिर करणारी मलमं टाळा, त्यातली लिडोकेनसारखी औषधं एवढ्याशा शरीरात सहज विषारी मात्रेपर्यंत जातात. वेदनाशामकांचा हिशेब तर एकदा करूनच बघा. मेलॉक्सिकॅम डॉक्टर पालींना देतात ते किलोला साधारण ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅमला ०.०१२ मिलिग्रॅम. माणसाची साडेसात मिलिग्रॅमची गोळी त्याच्या सव्वासहाशे पट भरते. तिचा कण तोडून देणं हा उपचार नव्हे.

औषधाहून जास्त काम टाकी करते. वाळू, कोकोपीट, मॉस सगळं काढा आणि साधा पांढरा टिशू पेपर अंथरा; त्यावर रक्त, पू, विष्ठा लगेच दिसते. तो रोज बदला. चढायच्या फांद्या आणि दगड बाहेर काढा, लपायला दोन गुळगुळीत हाइड (बंदिस्त आडोसे) ठेवा. ओला हाइड फक्त कात टाकायच्या सुमारास, आत ओला टिशू घालून. गरम बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश, गार बाजू २४ ते २६ अंश. पालीचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. गारठ्यात तिची प्रतिकारशक्ती मंदावते, जखम आहे तिथेच रेंगाळते आणि पोटातलं अन्नही तसंच पडून राहतं. ‘आराम पडावा’ म्हणून हीटर बंद करणं चुकीचं, तसाच थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावणंही. पोट भाजलेल्या पाली बहुतेक अशाच मॅटवर किंवा गरम होणाऱ्या दगडावर बसलेल्या असतात.

त्या दिवशी खाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून चिमट्याने द्या आणि उरलेले किडे मोजून बाहेर काढा, कारण रात्रभर मोकळा राहिलेला रातकिडा उघडी जखम कुरतडतो. प्रौढ पाल आठवडाभर उपाशी राहिली तरी घाबरायचं कारण नाही, तोंड उघडून भरवायची तर गरज नाहीच. चरबीचा साठा मात्र शेपटाबरोबर गेलेला असतो. म्हणून खायला लागली की एक दिवसाआड, कॅल्शियम लावून, नेहमीपेक्षा थोडं जास्त द्या. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्यासारख्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करा (काटा मात्र वेगळा ठेवा, आणि हात साबणाने धुवा, पालींच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो). शेपूट गेल्यानंतरचं पहिलं वजन धरून त्यात दहा टक्के घट झाली तर डॉक्टरकडे न्या.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खपली काळी आणि कडक होते. ती सडली असं वाटून लोक खरवडतात. खरवडू नका, साधारण आठवड्याने ती आपोआप पडते आणि खाली गुलाबी, चकचकीत घुमट दिसतो. महिन्याभरात त्याचा शंकू होतो, पुढे तो फुगून मुळ्यापेक्षा सलगमासारखा दिसू लागतो. नव्या शेपटावर जुन्यासारखे उंचवटे नसतात, खवले बारीक आणि गुळगुळीत, रंग उतरलेला. आत मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. काळजी करायची ती वास आला, सूज अंगाच्या दिशेने वर सरकली किंवा पिवळट-पांढरी घट्ट गाठ झाली तर. पालीचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट बसतो. त्यामुळे गाठ दाबून काही निघत नाही, ती डॉक्टरलाच कापून काढावी लागते. दोन पाली एकत्र ठेवलेल्या असतील तर एकमेकींच्या चाव्यातून अशा गाठी होतात. त्यांना वेगळं करण्यावाचून दुसरा इलाज नाही.

शेपटाचं हे कौतुक बाकी अंगाला लागू नाही. अंगावरची कातडी व्रण न ठेवता भरते, पण बोट गेलं की गेलं. जुनी कात बोटाभोवती दोऱ्यासारखी आवळून बोटं सुकतात, त्यांना आधी कोमट ओल देऊनच सोडवायचं. हातातून पडल्यावर मागचे पाय ओढत चालत असेल तर कण्याला मार असू शकतो: उचलून बघत बसू नका, सपाट डब्यात टिशूवर ठेवून न्या. डोळ्याला लागलं तर फक्त सलाइन. घरातले स्टेरॉइडवाले थेंब टाकले तर बुबुळावरची जखम चिघळू शकते. आणि क्रेस्टेड गेकोचं शेपूट तुटलं तर वाट बघू नका, त्या जातीत ते परत येत नाही. एवढं सोडलं तर ती पाल त्याशिवाय मजेत जगते.

नव्या शेपटाला तुटायच्या रेघा नसतात. पुढच्या वेळी तोड होते ती वर शिल्लक राहिलेल्या जुन्या मणक्यांपैकी एकात, दर वेळी गुदद्वाराच्या आणखी जवळ. तेव्हा काच लावण्याआधी खाचेवरून टॉर्च फिरवायची सवय लावून घ्या, आणि शेवटची बोटभर फट एका झटक्यात नव्हे, तर काचेची कड धरून, पाल पुढे सरकली की हळूच बंद करा.