कोल्हापूरची संध्याकाळ, दिब्रुगडची रात्र

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला कोल्हापुरात सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास मावळतो. रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं भेळेच्या गाड्यांभोवती जमायला लागतात, गंगावेशीत धारोष्ण दुधासाठी लोक थांबलेले असतात. त्या वेळी आसामातल्या दिब्रुगडला सूर्य मावळून पावणेदोन तास उलटलेले असतात. घड्याळात मात्र दोन्हीकडे सहा वाजून पाचच मिनिटं!

पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. कोल्हापूर सुमारे ७४.२ अंशांवर, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या तेहेतीस मिनिटं मागे. दिब्रुगड जवळजवळ ९५ अंशांवर, तिथला सूर्य पन्नास मिनिटं पुढे. दोन्हींत फरक झाला त्र्याऐंशी मिनिटांचा, आणि तो वर्षभर तेवढाच राहतो.

मग पावणेदोन तास कुठून आले? अक्षांशामुळे. दिब्रुगड आपल्यापेक्षा जवळजवळ अकरा अंश उत्तरेला आहे. त्यामुळे डिसेंबरात तिथला दिवस आपल्यापेक्षा पाऊण तासाने लहान असतो. ही घट निम्मी सकाळी आणि निम्मी संध्याकाळी वाटली जाते. म्हणून डिसेंबरात दोन्ही गावांच्या सूर्योदयात तासाभराचंच अंतर पडतं, सूर्यास्तात मात्र पावणेदोन तासांचं. जूनमध्ये हेच चित्र उलटतं. दिब्रुगडला सव्वाचारला उजाडतं, कोल्हापुरात सहाला. मला हे गणित फार देखणं वाटतं.

बरं, एकाच गावातही सूर्य घड्याळाशी जुळवून घेत नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, दोन्ही वेळा मावळतीचे किरण गाभाऱ्यापर्यंत येतात, कारण २१ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे साधारण बेचाळीस दिवसांवर सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. दिवसाची लांबीही सारखीच. तरीही नोव्हेंबरात किरण पावणेसहाच्या आसपास येतात आणि जानेवारीअखेरीस सव्वासहाच्या. हा अर्धा तास पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि तिच्या कललेल्या आसामुळे पडतो. या दोन कारणांनी खरी मध्यान्ह वर्षभर पुढेमागे सरकत राहते. कोल्हापुरात ती नोव्हेंबरच्या त्या दिवसांत बारा सतराला होते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला बारा सत्तेचाळीसला.

प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी तर वेगळीच वाट धरली. त्यांची ‘बागान वेळ’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते, कारण पानं खुडायला उजेड लागतो. अनेक मळ्यांत ती आजही चालते.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमची आण्विक घड्याळं देशाची वेळ राखतात. तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दोन कालविभाग सुचवले, पूर्वेकडचा एक तास पुढे. सीमा ८९ अंश ५२ मिनिटांवर, पश्चिम बंगाल आणि आसामच्या चिंचोळ्या हद्दीवर. तिथे मोजकेच रेल्वेमार्ग सीमा ओलांडत असल्याने वेळेचा घोळ आवरता येईल, असा त्यांचा हिशेब. देश मात्र अजून एकाच वेळेवर चालतो.

कोल्हापुरात बसून ही अडचण जाणवत नाही, कारण प्रमाणवेळेने आपल्या पदरात संध्याकाळचा अर्धा तास जास्तच टाकला आहे. दिब्रुगडमध्ये जूनमध्ये नऊला कामाला बसणाऱ्या माणसाचा पावणेपाच तासांचा उजेड आधीच निघून गेलेला असतो. दोन घड्याळं नको असतील, तर निदान ईशान्येतल्या शाळा-कचेऱ्यांनी आपल्या वेळा तासभर अलीकडे आणाव्यात. मळ्यांनी ते केव्हाच करून दाखवलं आहे.